तोईया पोपट: खानदेशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तोईया म्हणजे नेमका कोणता? आमच्याकडे सगळ्यांनाच पोपट म्हणतात.

खानदेशात रानात आणि शिवारात मिळून तीन जातींचे पोपट नेहमी दिसतात. गावातल्या निंबावर, मक्याच्या वावरात, बाजार समितीच्या आवारात सांडलेल्या दाण्यांवर गोंगाट करत उतरतो तो कीर, म्हणजेच राघू. त्याच्याहून बराच दांडगा, चोच जाडजूड आणि खांद्यावर ठसठशीत लाल पट्टा असलेला तो करण. त्याला पहाडी पोपटही म्हणतात. आणि तिसरा तोईया: तिघांत सगळ्यात लहान, सडपातळ, नराचं डोकं जांभळट लाल. तो मुख्यतः रानातला पक्षी आहे. तापीकाठच्या सपाट मुलखात आयुष्य काढलेल्या माणसाने तो कधी पाहिलेला नसतो, आणि सातपुड्याच्या पाड्यावरच्या पोराला तो रोजचा असतो.

चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत तोईया ३३ ते ३६ सेंमी भरतो. त्यातली निम्म्याहून जास्त लांबी नुसत्या शेपटीची, त्यामुळे वजन ७० ग्रॅमच्या आसपासच. कीर ४० सेंमीच्या पुढे जातो, करण ५५ च्या.

नाव त्याच्या आवाजावरून पडलं. उडताना तो ‘टुई? टुई?’ असं शेवटी वर उचललेलं, प्रश्न विचारल्यासारखं ओरडतो. शास्त्रीय नाव सिटॅक्युला सायनोसेफाला. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने १७६६ मध्ये दिलेल्या या नावाचा अर्थ ‘निळ्या डोक्याचा’. नराला हे नाव चपखल बसत नाही, मादीला बऱ्यापैकी बसतं. अलीकडे काही अभ्यासक त्याला हिमालयाप्सिटा या वेगळ्या प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) घालतात, म्हणून नव्या याद्यांमध्ये दोन्ही नावं आढळतील. पक्षी एकच.

नर आणि मादी कसे ओळखायचे?

पूर्ण वाढलेल्या नराचं डोकं पिकत आलेल्या जांभळाच्या रंगाचं असतं. गालांकडे गुलाबी लाल आणि मागे मानेकडे जाताना निळसर. (वांग्याची उपमा इथे चालायची नाही, जळगावची भरिताची वांगी हिरवी असतात.) हनुवटीपासून निघालेली काळी बारीक पट्टी गळ्याभोवती फिरते, तिच्यामागे निळसर हिरवा पट्टा. खांद्यावर गडद लाल डाग. वरची चोच पिवळसर नारिंगी, खालची काळपट.

मादीचं डोकं राखाडी निळं. काळा कंठ नाही, त्याजागी गळ्याभोवती फिकट पिवळी पट्टी. खांद्यावरचा लाल डागही नाही. वरची चोच मक्याच्या दाण्यासारखी फिकट पिवळी. शेपटी दोघांचीही सारखी: मधली लांब पिसं निळी आणि टोकं पांढरी.

आमच्या पाड्याजवळच्या थव्यात लाल डोकी दोन-चारच आणि बाकीची सगळी राखाडी. नर कमी झालेत का?

नाही, थव्यात लहान वयाचे नर मिसळलेले असतात. घरट्यातून बाहेर पडणाऱ्या पिलाचं डोकं अंगासारखंच हिरवं असतं आणि चोच पिवळट. पुढे पिसं झडून डोकं राखाडी होतं, आणि या टप्प्यावर कोवळा नर आणि मादी लांबून एकसारखे दिसतात. नराच्या डोक्यावर लाल-जांभळी पिसं आधी ठिगळांसारखी उगवतात, पुरा रंग तिसऱ्या वर्षाच्या सुमारास येतो. दुर्बिणीतून ‘डोक्यावर डाग पडलेली मादी’ दिसली तर तो हाच बदलाच्या वयातला नर.

हिरव्या डोक्याची पिलं पाहून ‘हा कीर आहे’ असं ठरवण्याची चूकही हमखास होते. कीराच्या अगदी कोवळ्या पिलाचीही चोच पुढे लालच होते. तोईयाची कोणत्याच वयात लालभडक नसते.

हा रंग येतो कुठून? फळं खाऊन?

फ्लेमिंगोचा गुलाबी रंग त्याच्या खाण्यातून येतो हे खरं. पोपटांचं तसं नाही. त्यांच्या पिसांतला लाल आणि पिवळा रंग सिटॅकोफल्व्हिन नावाच्या रंगद्रव्यांचा असतो. ही द्रव्यं पोपट स्वतःच्या शरीरात तयार करतात आणि दुसऱ्या कोणत्याही पक्ष्यात ती सापडत नाहीत. म्हणून आहार बदलला तरी लाल डोकं पिवळं होत नाही.

निळ्या रंगाचं तर द्रव्यच नसतं. पिसाच्या धाग्यांच्या आत हवेचे अतिसूक्ष्म कप्पे असलेली स्पंजासारखी रचना असते, तिच्यावर उजेड पडला की निळा भाग तेवढा परत फेकला जातो. या निळ्यावर पिवळं द्रव्य चढलं की हिरवा दिसतो, लाल द्रव्य चढलं की जांभळा. तोईयाच्या अंगाचा हिरवा आणि डोक्याचा जांभळा अशा एकाच युक्तीचे दोन प्रकार आहेत. करून पाहायचं असेल तर गळालेलं हिरवं पीस आधी समोरून उजेड पडेल असं धरा आणि मग आभाळाच्या उजेडाआड धरा. मागून उजेड आला की हिरवेपणा मरतो आणि पीस मळकट पिवळं-तपकिरी दिसतं, कारण तेव्हा परतलेला निळा डोळ्यापर्यंत येत नाही. पीस पाहून तिथेच टाकून द्यावं. संरक्षित पक्ष्याची पिसं जमवण्याच्या भानगडीत पडू नये.

उडताना ओळखता येतो का?

येतो, आणि बहुतेक वेळा तो उडतानाच दिसतो. तीन खुणा पुरतात. पहिली आवाज: कीर खरखरीत ‘कीऽक् कीऽक्’ करतो, तोईया गोड ‘टुई’. दुसरी शेपटीचं पांढरं टोक, ते उतरताना शेपूट पसरली की स्पष्ट चमकतं. तिसरी उडण्याची पद्धत. कीरांचा थवा उंचावरून सरळ रेषेत जातो. तोईयांचा थवा झाडांच्या शेंड्याखालून, खोडांमधून वळणं घेत, सगळे एकदम तिरके होत निघून जातो. थवा लहान असतो, पाच-दहा किंवा वीस-पंचवीस पक्ष्यांचा.

ईशान्य भारतात याच्यासारखाच दुसरा एक पोपट आहे, त्याच्या शेपटीचं टोक पिवळसर असतं. खानदेशात तो नाही, तेव्हा जुन्या चित्रांच्या पुस्तकातून गोंधळ करून घेऊ नका.

कुठे आणि केव्हा पाहायला मिळेल?

भारतीय उपखंडाबाहेर हा पक्षी नैसर्गिकरीत्या कुठेच नाही. हिमालयाच्या पायथ्यापासून श्रीलंकेपर्यंत तो आहे आणि वायव्येच्या कोरड्या वाळवंटी भागात नाही. त्याला पानगळीचं, मोठी जुनी झाडं असलेलं रान लागतं. खानदेशात असं रान दोन बाजूंना आहे. उत्तरेला सातपुडा: रावेर-यावलच्या वरचं यावल अभयारण्य, पाल आणि लंगडा आंब्याचा भाग, शिरपूरकडे अनेर, नंदुरबारला तोरणमाळ आणि अक्राणीचे डोंगर. दक्षिणेला अजिंठ्याची रांग: चाळीसगावजवळ पाटणादेवी आणि गौताळ्याचं रान.

वेळ सकाळी उजाडल्यापासून नऊपर्यंत. महिना फेब्रुवारी किंवा मार्च. तेव्हा पानं गळालेली असतात, पळस आणि काटेसावर फुललेली असते आणि जोड्या ढोलीभोवती घुटमळत असतात. पळसाच्या फुलोऱ्यापासून तीस-चाळीस पावलांवर बसून राहावं. फिरत राहिलात तर ‘टुई’ तेवढं कानावर पडेल.

वर्षभर खातो काय?

हा पक्षी रानाच्या पंचांगावर जगतो. एका ठिकाणी वर्षभर टिकत नाही, जिथे जे तयार होईल तिकडे सरकतो. लांबचं स्थलांतर नव्हे, डोंगरातल्या डोंगरात किंवा पायथ्यापर्यंतची ये-जा.

थंडीच्या शेवटी काटेसावर फुलते. तिची जाड मांसल पाकळी तो पायात धरून चघळतो आणि तळातला मधही घेतो. लगोलग पळस. पळसाचं फूल तो देठाकडून चावतो, मधाच्या जागेपाशी, आणि बाकीचं तसंच खाली सोडून देतो. पळसाखाली नारिंगी सडा पडलेला असेल तर एक फूल उचलून पाहा. बुडाशी कातरीने कापल्यासारखा तिरका छेद असेल तर वर पोपट बसून गेलेत. फूल नुसतं कोमेजून गळालेलं असेल तर त्याचा देठाकडचा भाग सुरकुतलेला आणि अख्खा असतो.

मार्च-एप्रिलात मोहाची फुलं. माणसं पहाटे टोपली घेऊन झाडाखाली येतात तेव्हा वर हे असतात. मग वड, पिंपळ, उंबर यांची फळं जेव्हा जिथे पिकतील तेव्हा. रानबोरं. गवताचं बी. शेंगांमधले कोवळे दाणे. पावसाळा संपता संपता डोंगराच्या उतारावरच्या वावरात ज्वारी, बाजरी, मका.

खाण्याची पद्धत सगळ्या पोपटांची तीच. पायाची दोन बोटं पुढे आणि दोन मागे, त्यामुळे पाय चिमट्यासारखा धरतो. वरची चोच कवटीला बिजागरीसारखी जोडलेली असते म्हणून तीही हलते. जाड मांसल जिभेने दाणा फिरवायचा, खालच्या चोचीच्या धारेवर टरफल सोलायचं आणि आतला गर तेवढा गिळायचा.

मग बी पसरवायला त्याचा उपयोग होतो ना?

थोडाच. कोकीळ किंवा बुलबुल फळ गिळतात आणि बी दूर जाऊन पडतं. पोपट बी फोडून खातो, म्हणजे बियांच्या दृष्टीने तो शत्रूच. तरी खाण्यापेक्षा पाडतो जास्त, आणि चोचीत धरून दुसऱ्या झाडावर नेताना सुटलेली फळं रुजतातही. पक्षी म्हटला की ‘वनशेती करणारा’ अशी पदवी देऊन टाकण्याची जी पद्धत पडली आहे, ती पोपटाला लावताना जरा हात आखडता घ्यावा. तो रानात असण्यासाठी तो उपयोगी असायलाच हवा असं काही नाही.

घरटं कधी आणि कुठे करतो?

डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत, खानदेशात मुख्य हंगाम जानेवारी ते एप्रिल. काड्यांचं घरटं नाही, झाडातली ढोली. सुतारपक्ष्याने किंवा तांबट पक्ष्याने कोरून सोडलेली ढोली मिळाली तर तीच घेतात, नाहीतर किडलेल्या, मऊ झालेल्या फांदीत नर-मादी स्वतः कोरतात. चोचीने कोरायची म्हणजे लाकूड मेलेलं हवं. जिवंत सागाच्या किंवा अंजनाच्या पोलादी खोडापुढे ७० ग्रॅमचा पक्षी काय करणार? म्हणून सलई, मोई, काटेसावर, पांगारा अशी मऊ लाकडाची झाडं आणि कोणत्याही झाडाची वठलेली मोठी फांदी यांना महत्त्व.

ढोलीचं तोंड अंगापुरतंच ठेवतात. ताजी ढोली ओळखायची खूण म्हणजे काठ. वापरात असलेल्या ढोलीचा काठ चावून चावून गुळगुळीत आणि फिकट लाकडी रंगाचा असतो, खाली भुसा पडलेला असतो. सोडून दिलेल्या ढोलीचा काठ काळा पडलेला किंवा सालीने मिटत आलेला दिसतो, तोंडाशी कोळ्याचं जाळं असतं.

आत गवत-कापूस काही नाही, लाकडाच्या भुशावरच अंडी. ४ ते ६, पांढरीशुभ्र, जेमतेम २५ मिमी लांबीची. अंधाऱ्या ढोलीत अंड्याला लपवायला रंगाची गरज नसते, म्हणून ढोलीत घालणाऱ्या बऱ्याच पक्ष्यांची अंडी पांढरी असतात. उबवते मादी एकटी, सुमारे २३ दिवस. नर तिला भरवतो: आधी डोकं वर-खाली करतो, पोटातलं अन्न वर आणतो आणि तिच्या चोचीत देतो. अंडी एका दिवशी घातलेली नसल्याने पिलं मागे-पुढे फुटतात आणि एकाच ढोलीत एक पिसं फुटलेलं आणि एक उघडं असं दिसू शकतं. सहा-सात आठवड्यांनी पिलं बाहेर पडतात. एकाच मोठ्या झाडात दोन-तीन जोड्यांच्या ढोल्या असणंही नवल नाही.

घरटं सापडलं तर लांबूनच पाहा. ढोलीत बोट, काठी किंवा मोबाईल घालू नका. मादी अंड्यांवरून उठली आणि उन्हाळ्याच्या दुपारी बाहेर ताटकळली की आतली अंडी शिजायला वेळ लागत नाही.

वठलेलं झाड तोडलं तर काय बिघडलं? ते तसंही पडणारच ना.

या पानावरचा आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. तोईयाला खायला फुलं-फळं पुष्कळ मिळतात, अडतं ते घराशी. वठलेलं खोड उभ्या उभ्या दहा-पंधरा वर्षं काढतं, आणि त्या काळात त्याच्यात आधी सुतारपक्षी, मग पोपट, साळुंकी, पिंगळा, शेवटी खार किंवा मधमाश्या असे भाडेकरू बदलत राहतात. सातपुड्यातला रानपिंगळाही अशाच ढोलीत अंडी घालतो. ११३ वर्षं कोणाला दिसला नव्हता असा तो घुबडाचा प्रकार १९९७ मध्ये आताच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळच पुन्हा सापडला. त्याची आणि तोईयाची गरज एकच आहे.

सरपणासाठी पहिली कुऱ्हाड वाळक्या झाडावर पडते, कारण ते हलकं असतं, लगेच पेटतं आणि ‘मेलेलंच’ म्हणून कोणी अडवत नाही. दुसरी गोष्ट वणवा. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा मार्चमध्ये पेटवतात. आग पसरली की हिरवं झाड काळवंडून तगतं, पोकळ खोड मात्र चुलीच्या धुराड्यासारखं आतून ओढ घेऊन जळतं. नेमकी तेव्हाच आत पिलं असतात. पाचोळा झाडून गोळा केला किंवा मोहाखाली जुनी साडी, जाळी पसरली तर फुलं स्वच्छही मिळतात आणि आग लावावी लागत नाही.

बांधावरचं वठलेलं झाड रस्त्यावर किंवा घरावर पडण्याचा धोका असेल तर फांद्या उतरवा आणि दहा-बारा फुटांचं खोड उभं ठेवा. बरेच जण लाकडी पेटी लावायचं विचारतात. पेटीत साळुंकी आधी घुसते. तोईयासाठी पेटीपेक्षा उभं मेलेलं खोड बरं.

पोपट मका आणि पेरू सोडत नाहीत. करायचं काय?

आधी गुन्हेगार कोण ते नक्की करा. सपाटीवरच्या शिवारात तो जवळजवळ नेहमी कीर असतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या वावरात तोईयाही येतो, पण लहान थव्यात. शिवाय पोपटाच्या नावावर इतरांची बिलं फाडली जातात.

मक्याचं कणीस शेंड्याकडून सोललेलं, आवरणाच्या चिंध्या लोंबणाऱ्या आणि वरचे दाणे अर्धवट खाल्लेले म्हणजे पोपट. ताट मोडून आडवं पडलेलं आणि कणीस जमिनीवर चघळलेलं असेल तर रानडुक्कर किंवा कोल्हा. पेरूवर अर्धचंद्राकार टवके, गर खाली सांडलेला आणि बिया उकरलेल्या दिसल्या तर पोपट. झाडाखाली सकाळी चोथ्याचे चघळून टाकलेले गोळे मिळाले तर ती रात्रीची वटवाघळं. फळावर दोन-दोन समांतर बारीक चऱ्या असतील तर खार.

आता उपाय. मक्यात पोपट कडेने शिरतो आणि बाहेरच्या ओळी आधी खातो. दाणा दुधात यायला लागला की चारी बाजूंच्या बाहेरच्या तीन-चार ओळींतलं प्रत्येक कणीस शेजारच्याच हिरव्या पानाने गुंडाळून टाका, पान मोडायचं नाही, नुसतं फिरवून खोचायचं. पक्ष्याला कणीस दिसत नाही आणि आत जायची त्याची तयारी नसते. काम एका दिवसाचं आहे आणि खर्च शून्य.

चकाकणारी फीत लावायची तर दाणा भरायच्या आधी एक-दोन दिवस लावा, थव्याला चटक लागल्यावर नाही. दक्षिणोत्तर ताणा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळचं ऊन तिच्यावर पडतं. उंची पिकाच्या वर फूटभर, दोन ओळींत साधारण पाच मीटर अंतर, आणि प्रत्येक फितीला तीन-चार पीळ. पीळ दिला नाही तर ती वाऱ्यावर फडफडत नाही, गुणगुणत नाही आणि मग पोपट तिच्यावरच बसतो. फार ढिली सोडली तर ताटांवर घासून दोन दिवसांत तुटते.

बुजगावणं, फटाका, कॅसेटवरचा ससाण्याचा आवाज: यांतला कोणताही उपाय एकाच जागी आठवडाभर ठेवला की पोपट त्याला सरावतो. जागा आणि पद्धत बदलत राहावी. पहाटे आणि ऊन उतरल्यावर अशी दोन-दोन तासांची माळ्यावरची राखण अजूनही सगळ्यांत खात्रीची आहे. गोफणीने भिरकावलेल्या दगडापेक्षा तिच्या फटकाऱ्याचा आवाज जास्त काम करतो, तेव्हा दगडाऐवजी मातीचं ढेकूळ चालतं.

पेरू-डाळिंबाला फळ सुपारीएवढं झाल्यावर कागदी किंवा न विणलेल्या कापडाची पिशवी घाला. प्लास्टिकची नको, आत घाम धरून फळ सडतं. जाळी लावणार असाल तर ढोलकीसारखी ताणा. ढिल्या नायलॉन जाळीत पोपट, धामण, खार सगळेच अडकून मरतात, आणि मेलेला पक्षी लोंबताना दिसला म्हणून बाकीचे यायचे थांबत नाहीत.

विष घालणं किंवा फासे लावणं हा गुन्हा आहे.

केळीचं नुकसान करतो का?

फारसं नाही. रावेर-यावलकडे घड हिरवा असतानाच कापला जातो. झाडावर पिकलेला एखादा राहिलेला घड मिळाला तर कोणताही पोपट खाईल.

तोईया पाळता येतो का? आठवडे बाजारात तर उघड विकतात.

येत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली भारतातले सगळे देशी पोपट संरक्षित आहेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर तोईया अनुसूची २ मध्ये येतो. पकडणं, विकणं, विकत घेणं, बाळगणं, अंडी-पिलं काढणं हे सगळं त्यात आलं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘घरात आजोबांच्या काळापासून पोपट आहे’ ही सबब कायद्यात बसत नाही.

बाजारात दिसणारी पिलं मार्च-एप्रिलात ढोलीतून काढलेली असतात. ढोलीचं तोंड अरुंद, म्हणून ते कुऱ्हाडीने फोडतात. पिलं तर जातातच, ती ढोली पुढच्या वर्षीही कोणाच्या कामाची राहत नाही. विकणाऱ्यांची आणखी एक लबाडी जुनी आहे: कीराच्या पिलाच्या खांद्याला लाल रंग फासून तो ‘पहाडी’ म्हणून दुप्पट किमतीला खपवायचा.

पक्षी पाळण्याची हौसच असेल तर बजरीगर किंवा कॉकाटील हे पिंजऱ्यात पैदास होणारे विदेशी पक्षी कायद्याने पाळता येतात. मकाव, आफ्रिकन ग्रे यांसारख्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या जातींची केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी लागते.

तो बोलतो का?

शिट्ट्या छान घालतो, माणसाचे शब्द क्वचितच. ‘बोलका’ म्हणून कोणी तोईयाचं पिलू विकत असेल तर तो दोनदा फसवतोय.

पोपटाला मिरची तिखट लागत नाही हे खरं?

खरं. मिरचीतला जळजळ करणारा पदार्थ सस्तन प्राण्यांच्या शरीरातल्या जळजळ टिपणाऱ्या ज्या प्रथिनाला चिकटतो, ते पक्ष्यांमध्ये त्याला दादच देत नाही. म्हणून खानदेशी ठेचाही त्याला नुसत्या भाजीसारखा. पण मिरची चालते म्हणून मीठ-तेल घातलेला ठेचा चालतो असं नाही. आणि दुधात कालवलेली पोळी तर अजिबात नको, पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही आणि हगवण लागते.

ढोलीतून पडलेलं पिलू सापडलं. आता?

पहिलं काम त्याला नीट पाहणं. अंगावर पुरी पिसं आहेत आणि ते फांदीला धरून बसतंय, तर ते उडायला शिकणारं पिलू आहे. कुत्र्या-मांजराच्या हाती लागणार नाही अशा जवळच्या फांदीवर ठेवून लांब व्हा आणि दोन तास नजर ठेवा. आई-बाप बहुतेक येतातच. माणसाचा हात लागला म्हणून ते टाकून देतात, ही नुसती समजूत आहे.

पिसं फुटलेली नाहीत आणि ढोली हाताला येण्याजोगी आहे, तर परत आत ठेवा. शक्य नसेल तर बुटाच्या खोक्याला टाचणीएवढी नाही, पेन्सिल जाईल अशी आठ-दहा भोकं पाडा, तळाला सुती फडकं गुंडाळून वाटीसारखं करा आणि पिलू त्यात बसवा. टॉवेल नको, त्याच्या धाग्यात नखं अडकतात. उघड्या पिलाला ऊब लागते, पण एप्रिल-मे महिन्यातल्या खानदेशात उलटा धोका मोठा: पत्र्याच्या खोलीत खोकं ठेवलं की ते तासाभरात भाजून निघतं. घरातल्या सगळ्यात गार, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा.

चोच उघडून पाणी ओतू नका. पोपटाची श्वासनलिका जिभेच्या बुडाशीच उघडते आणि बाटलीच्या झाकणाएवढं पाणीही फुफ्फुसात जाऊन पिलू मरतं. लोकांच्या हातून सर्वांत जास्त पिलं याच मायेने जातात. खायलाही काही न देता वनविभागाच्या १९२६ या टोल-फ्री क्रमांकावर कळवा किंवा जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात पोचवा. हाताळून झाल्यावर साबणाने हात धुवा. पोपटांच्या विष्ठेतून माणसाला सिटॅकोसिस हा फुफ्फुसाचा आजार होऊ शकतो.

पिंजऱ्यात वाढलेला पोपट रानात सोडून द्यावा का?

असं एकदम सोडू नका. वर्षानुवर्षं पिंजऱ्यात राहिलेल्या पक्ष्याच्या छातीचे स्नायू कमजोर झालेले असतात, त्याला शिकरा ओळखता येत नाही आणि तो माणसाच्या खांद्यावर उतरायला बघतो. शिवाय पिंजऱ्यातला रोग रानातल्या थव्यात जातो. वनविभागाच्या ताब्यात द्या, तिथून तो उपचार आणि पुनर्वसनाकडे जातो.

उन्हाळ्यात पाणी ठेवलं तर तोईया येतो का?

रानालगतच्या पाड्यावर, नाले आटल्यावर येतो. भांडं मातीचं आणि पसरट असावं, पाणी दोन इंचांहून खोल नको, मध्ये एक खडबडीत दगड. झाडाच्या सावलीत, पण झुडपापासून सहा-सात फूट दूर, म्हणजे मांजराला दबा धरता येत नाही. पाणी रोज बदलायचं आणि भांडं दोन दिवसांनी घासायचं, नाहीतर शेवाळ धरतं. सकाळी उजाडल्यानंतरचा पहिला तास आणि उतरत्या उन्हाची वेळ, या दोन वेळा लक्ष ठेवा.

दिसला तर नोंद कशी ठेवायची?

तारीख, वेळ, जागा, संख्या हे तर झालंच. त्याबरोबर लाल डोक्याचे किती, राखाडी डोक्याचे किती, हिरव्या डोक्याचे किती असे तीन आकडे वेगवेगळे लिहा. हिरव्या डोक्यांचा आकडा म्हणजे या वर्षी ढोल्यांतून किती पिलं बाहेर पडली याचा सगळ्यात सोपा अंदाज, आणि तो मे-जूनमध्येच नीट घेता येतो. कोणत्या झाडावर होते आणि काय खात होते तेही लिहा. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना घरट्याची नेमकी जागा मात्र टाकू नका. पिलं काढणारेही मोबाईल वापरतात.